मुक्याचं काम

उंदेरी किल्ल्याच्या बुरुजावरून समुद्रात उडी मारायला मुंबईच्या फिल्म कंपनीचा हिरो काही केल्या तयार होईना. कंपनीचा शेठ वैतागला. कडेला बसलेल्या होडीवाल्यांकडे बघून त्याने आपल्या गुजरातीत विचारलं, "कोई मरद छे के?" प्रश्न नीट कळला नव्हता, पण सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटून अंबाजी म्हणाला, "व्हय."

अंबाजीच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच झाल्या. कुणीतरी काहीतरी विचारलं, त्याला ते धड कळलं नाही, आणि तो हो म्हणून बसला.

हिरोचा जरीचा अंगरखा त्याला चढवला. त्याने उडी मारली. थळचा कोळी तो, उंदेरीभोवतीचं पाणी त्याच्या अंगणातलं. उडीचं त्याला काही वाटलं नाही. नवल वाटलं ते नंतरचं. तो निथळत वर आला तेव्हा शेठने त्याची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे फिरवला, बाजारात बैल पारखावा तसा, आणि कॅमेरावाल्याला हळूच काहीतरी सांगितलं. पंधरवडा उलटायच्या आत अंबाजी रेवसच्या बोटीत बसून मुंबईला निघालाही. ही गोष्ट पंचवीस-सव्वीस सालची.

"थोबाड दाखवायचा पगार देतात?" निघायच्या आदल्या रात्री त्याची बायको नीराबाई म्हणाली होती. "कोन देतो असा पगार?"

"शेठ देतो."

"मंग त्याच्या डोक्यात कायतरी बिघाड असंल. बघा, लवकर घेऊन घ्या."

शेठने त्याचं नाव ठेवलं मास्टर अंबर. अंबाजी त्या नावाने तलवारी खेळला, घोड्यावरून पडला, खिडक्यांतून आत शिरला आणि राजकन्यांना खांद्यावर टाकून बाहेर आला. चित्रं मुकी होती, तेव्हा तोंडाने काय बोलावं याचा कुणाला विधिनिषेध नव्हता. फक्त ओठ हलले पाहिजेत. चांदण्यातला प्रेमप्रसंग असला की अंबाजी नायिकेच्या डोळ्यांत खोल बघायचा आणि म्हणायचा, "आज बांगडा लय आयला गो, पापलेट मात्र कुटं गावला न्हाय." ती बिचारी आपल्या बोलीत दाढदुखीचं काहीबाही सांगायची. आणि पडद्यावर मोठाल्या अक्षरांत उमटायचं: "प्रिये, तुझ्यावाचून हा राजमहाल मला स्मशानासारखा भासतो!"

अंबाजीला वाचता येत नव्हतं. थिएटरात स्वतःचं चित्र बघायला बसला की तो शेजाऱ्याला कोपराने ढोसून विचारायचा, "मी काय बोललू?" शेजारी वाचून दाखवायचा आणि अंबाजी मान डोलवायचा. बरं बोललू, असं त्याला वाटायचं. इतकं चांगलं आपल्याला सुचलं कधी, एवढाच काय तो प्रश्न असायचा.

होळीला आणि नारळी पुनवेला तो थळला यायचा. कोळीवाड्यात त्याचा मान मोठा. वाड्याचा पाटील येसाजी, ज्याच्या शब्दाशिवाय होडी पाण्यात लोटत नसत, तोही त्याला आपल्याजवळ बसवून घ्यायचा आणि घोड्याबद्दल खोदून खोदून विचारायचा. येसाजीबाबाला माणसापेक्षा घोड्याचं कौतुक फार. नीराबाईने अलिबागच्या सिनेमाच्या तंबूत नवऱ्याचं एक चित्र बघितलं होतं. त्यावर तिने विचारलं एवढंच: "ती खांद्यावरची बाय जड व्हती का?"

आणि मग एका वर्षी चित्रं बोलायला लागली.

अंबाजी स्टुडिओत गेला तर ओळखीचं काही उरलं नव्हतं. पूर्वी उन्हासाठी वर उघडं ठेवलेलं छप्पर बंद झालं होतं. भिंतींना गोधड्या नि गोणपाट ठोकले होते. पंखा बंद. जिथे दिग्दर्शक कर्णा तोंडाला लावून शिव्या घालायचा, हातोड्या चालायच्या, पेटीवाला सूर धरून बसायचा, तिथे आता मयताच्या घरासारखी शांतता. लाल दिवा लागला की कुणी खोकायचंसुद्धा नाही. आणि मधोमध एक फुलदाणी. सगळे त्या फुलदाणीपुढे वाकून, तिच्याशी आदराने बोलत होते. तिच्यात मायक्रोफोन लपवला आहे हे अंबाजीला कुणी सांगितलं नव्हतं. ही नवीन देवी असावी असं समजून त्याने लांबूनच हात जोडले.

मग त्याची परीक्षा झाली. उर्दू संवाद लिहायला लखनौकडचा एक मुन्शी ठेवला होता. त्याने वाक्य दिलं, "जिल्ले-इलाही, गुलाम हाजिर है." अंबाजीने छाती भरून घेतली आणि म्हटलं, "जिल्ले-इलाही, गुलाम हाजिर हाय!"

मुन्शीने कपाळाला हात लावला. "है," तो म्हणाला.

"हाय," अंबाजी म्हणाला. तो तेच म्हणत होता की!

मुन्शीचं म्हणणं, जीभ जाड आहे. यंत्रवाल्याचं म्हणणं, आवाज मोठा आहे, काटा पार टोकाला जातो. दिग्दर्शक म्हणाला, मोठा कसला, बारीक आहे, एवढ्या थोराड देहातून एवढासा आवाज आला तर लोक हसतील. शेठने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दोन्ही बरोबर आहे असं सांगितलं.

फिल्म धुऊन आल्यावर त्याला अंधाऱ्या खोलीत बसवून ती दाखवली. पडद्यावर अंबाजी उभा राहिला आणि कर्ण्यातून कुणीतरी नाकात बोललं.

"ह्यो कोन?" अंबाजीने विचारलं.

"तूच."

"मी ह्यो समोरचा. बोलतंय कोन?"

खोलीतले सगळे हसले. अंबाजीही हसला, कारण ते थट्टा करताहेत अशी त्याची समजूत झाली. पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा तोच परका माणूस त्याच्या तोंडातून बोलला.  जन्मापासून आपल्याजवळ असलेली वस्तू ही अशी होती? आणि सगळ्या जगाला ती ऐकू येत होती, फक्त आपल्यालाच ठाऊक नव्हतं?

"जबान साफ करून ये," शेठ म्हणाला. "चहेरो तो सारो छे, चेहरा झकास. बाकीचं बघू."

अंबाजी थळला आला, पण कुणाशी मोकळेपणी बोलेना. तोंड उघडण्याआधी थांबायचा. दारातून हाक मारायची तर आधी अंगणात उतरून नीराबाईच्या जवळ जायचा आणि हळू आवाजात सांगायचा. तिला वाटलं, घसा बसलाय. तिने हळदीचं दूध दिलं. ते पिऊन त्याने विचारलं, "माजा आवाज कसा हाय गो?"

"कसा म्हंजे?"

"म्हंजे मोटा हाय का बारीक?"

नीराबाईने विचार केला. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिच्या मनात आलाच नव्हता. "तुमचा हाय तसा हाय," ती म्हणाली. त्या उत्तराने अंबाजीचं काहीच भागलं नाही.

जबान साफ करायला तो राजपुरीला गेला, फकरुद्दीनचाचाकडे. चाचांचा काथ्याचा आणि लाकडाचा व्यापार. त्यांचं गलबत पूर्वी बसऱ्यापर्यंत जायचं आणि थळच्या बंदरात नेहमी टेकायचं. उर्दू येणारा माणूस म्हणून अंबाजीला तेवढेच ठाऊक. चाचांनी त्याला पडवीत जागा दिली आणि शिकवणी सुरू झाली.

"घशातून काढ," चाचा सांगायचे. "काटा अडकला की कसा खाकरतोस, तसा. बोल, कयामत."

अंबाजी खाकरायचा. आतून जहुराचाची म्हणायची, "अहो, त्याला पाणी द्या, खरंच काटा अडकलाय!"

सगळा पावसाळा असा गेला. होड्या शाकारून ठेवलेल्या, बाहेर पाणी कोसळतंय, आणि पडवीत अंबाजी खाकरतोय. एक गोष्ट मात्र त्याला उमगेना. चाचा त्याला शिकवताना एक बोलायचे आणि जहुराचाचीशी, नातवंडांशी, दारावरच्या माणसाशी दुसरंच. ते दुसरं त्याच्या बोलीच्या अगदी जवळचं होतं.

"चाचा, तुमी घरात असं का न्हाय बोलत?"

चाचांनी पान लावता लावता त्याच्याकडे बघितलं. "घरात असं कोण बोलतो? आमची जबान ही. ती दुसरी बाहेरची, इभ्रतीची. मी ती बसऱ्याच्या धक्क्यावर शिकलो, हमालांशी भांडताना."

अंबाजी परत गेला. फुलदाणीसमोर उभा राहिला आणि जिल्ले-इलाहींपुढे हजर झाला. मुन्शीने नीट ऐकलं, आणि अदबीने विचारलं, "मियाँ, कुठल्या बंदरावर शिकलात?" पुढे आठवडाभर स्टुडिओत जो तो त्याला 'बंदरवाले मियाँ' म्हणत होता.

त्याला कुणी काढलंही नाही आणि काम दिलंही नाही. रोज सकाळी तो दाढी करून जायचा आणि दारापाशी बाकावर बसायचा. त्याच्या जागी नाटकातून आलेला एक गाणारा हिरो होता. त्याला घोड्यावर बसता येत नव्हतं. घोडा आला की अंबाजीला हाक यायची. पाठमोरा अंबाजी दौडत जायचा. मग घोडा थांबायचा, लाकडी घोडा आणला जायचा आणि त्यावर बसून गाणारा हिरो गायचा. अंबाजी बघत राहायचा. चूक कुठे झाली ते शोधायचा. आपण काही केलं असतं तर समजलं असतं. आपण तर होतो तसेच होतो.

असं करता करता चौतीस साल उजाडलं. एक दिवस शेठने स्वतः बोलावलं. "अंबर, काम छे. मोठं काम. तुझ्यासाठीच लिहून घेतलं."

"काय बोलायचं?"

"काही नाही," शेठ खूष होऊन म्हणाला. "मुक्याचं काम आहे."

राजवाड्यातला मुका पहारेकरी. वजिराने राजाला मारलेलं याने बघितलंय, पण सांगता येत नाही. अंबाजीला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं, मग दोन्ही एकदम वाटलं. निदान हे तरी आपल्याला येतं, असं म्हणून तो जीव तोडून कामाला लागला. पूर्वी शिकला तसे डोळे फिरवले, हात फेकले, भुवया उडवल्या, छाती पिटली. दिग्दर्शकाने मध्येच थांबवलं.

"अंबर, तू फार बोलतोस."

"मी? मी तर मुका हाय."

"तेच सांगतोय. हातांनी बोलतोस, डोळ्यांनी बोलतोस. आता जमाना तो नाही. गप्प राहा."

मुक्याने गप्प राहायचं म्हणजे नेमकं काय, हे त्याला समजेना. शेवटी काहीच न करता तो नुसता उभा राहिला, थळच्या किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा बदलायची वाट बघत उभा राहावा तसा. "वा!" दिग्दर्शक ओरडला. कशाला वा म्हणाला, ते अंबाजीला शेवटपर्यंत कळलं नाही.

होळीला तो घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. अंबाजीचा बोलपट निघाला, आणि तो अलिबागला येणार! येसाजीबाबाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "बोलपटात तू हाईस ना?"

"व्हय."

"मोटं काम?"

"व्हय."

"मंग झालं! आख्खा वाडा बघाया जाव." झाली घोषणा. तो मुका आहे हे सांगायला अंबाजीने तोंड उघडलं होतं, पण बायका हसत होत्या, पोरं नाचत होती, आणि येसाजीबाबा त्याच्या पाठीवर थापा मारत होता. रात्री नीराबाईला सांगू, असं त्याने ठरवलं. रात्री सकाळवर ढकललं. असं करत तो दिवस आला.

दुपार कलल्यावर सगळा कोळीवाडा वरसोलीच्या वाळूतून अलिबागला निघाला. बायकांनी अंबाड्यात अबोली माळली होती. येसाजीबाबाने ठेवणीतला लाल रुमाल बांधला होता. अंबाजी सगळ्यांच्या पुढे. दोनदा तो थांबला. दोनदा लोकांना वाटलं, दमला असेल.

तंबूत बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. बाहेर इंजिन धडधडू लागलं आणि पडदा बोलायला लागला. दार वाजलं तर दार ऐकू आलं, घोडा चालला तर टापा ऐकू आल्या. येसाजीबाबाचं तोंड उघडं ते उघडंच. अंबाजी भाला धरून पडद्यावर आला तशी एकच गलका झाला, आणि पाठोपाठ पाटलाचा दरडावलेला आवाज, "गप बसा! तो बोलंल आता."

तो बोलला नाही. राजा बोलला, वजीर बोलला, दासी बोलल्या, एक पोपटसुद्धा बोलला. अंबाजी दिसला की कोळीवाडा श्वास रोखायचा, आणि तो निघून गेला की सोडायचा. खरा अंबाजी अंधारात गुडघे घट्ट धरून बसला होता.

मग राजा मेला. राजकन्या धावत आली, पहारेकऱ्याचे खांदे धरून हलवत रडायला लागली. "बोलो! खुदा के लिए बोलो!"

"बोल!" येसाजीबाबा उठून उभा राहिला. "बोल ना रे! भितंस कशाला?"

"बोल, अंबाजी!" बायकांच्या बाजूने आवाज आला. मग सगळाच वाडा, "बोल! बोल!" तंबूची कनात हलायला लागली. पडद्यावरचा अंबाजी वाऱ्याकडे बघत उभा होता. खाली बसलेला अंबाजी कधी उठला ते त्यालाही कळलं नाही.

"अवो येसाजीबाबा," तो ओरडला, "मी मुका हाय!"

त्याचा आवाज पार मागच्या खांबापर्यंत स्वच्छ पोचला होता. अलिबागकर आधी हसायला लागले आणि मग त्यांना आवरेना. येसाजीबाबाने पडद्याकडे पाहिलं, खाली अंबाजीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"मंग आता बोलला कोन?" त्याने विचारलं.

या गोंधळात पडद्यावर वजिराने पहारेकऱ्याच्या पोटात कट्यार खुपसली. हसणारे गप्प झाले. पहारेकरी काही न बोलता खाली बसला आणि मेला. बायकांच्या बाजूने कुणीतरी हुंदका दिला, तो मोठ्याने दिला, आणि मग तिकडे रडारड झाली.

खेळ सुटल्यावर येसाजीबाबा तंबूवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. "आमच्या मानसाचं बोलनं तुमी कापून ठेवलंय."

"बाबा, त्याला बोलणं नाहीच आहे."

"ह्यो बोलपट ना?"

"बोलपटच."

"त्यात आमचा मानूस हाय ना?"

"आहे की."

"मंग तो बोलत कसा न्हाय?"

बाजूला उभ्या अंबाजीनेही कान टवकारले होते. याचं उत्तर कुणी देत असेल तर त्यालाही ते हवं होतं.

परतीच्या वाटेवर नीराबाई त्याच्याबरोबर चालत होती. ती म्हणाली, "मना आदी सांगलं असतं तर काय झालं असतं?"

"मनाच कलत नव्हतं, काय सांगू."

"हं." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "पन मेलात मात्र झ्याक. मना रडूच आलं."

याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, ते अंबाजीला ठरवता आलं नाही.

त्यानंतरही शेठचे निरोप आले. एकदा पुन्हा मुका झाला. एकदा पहिल्याच दृश्यात मेलेला सरदार, त्याला तर डोळेही उघडायचे नव्हते. मग एका नारळी पुनवेच्या सुमाराला रेवसच्या बोटीबरोबर निरोप आला की लगोलग ये. होडी त्या दिवशी पाण्यात लोटायची होती. अंबाजी निरोप्याला म्हणाला, उद्या निघतो. दुसऱ्या दिवशी वारा चांगला सुटला म्हणून तो समुद्रावर गेला. नंतरच्या दिवशीही वारा चांगलाच होता. नाही असं तो कधी म्हणाला नाही, पण गेलाही नाही. पुढे निरोप यायचे थांबले.

वाड्यात मात्र त्या खेळावरून वाद चालूच राहिला. तरुण म्हणायचे, अंबाजी पडद्यावर बोललाच नाही. येसाजीबाबा सांगायचा, मी या कानांनी ऐकलं, बोलला, आणि काय खणखणीत बोलला! अंबाजीला साक्षीला बोलावलं की तो दोन्ही पक्षांना मान डोलवायचा.

एकदा अलिबागच्या बाजारात नीराबाई मासळी घेऊन बसली होती, अंबाजी मागे टोपली धरून उभा. एक वकिलीणबाई सुरमई बघता बघता थबकल्या. त्यांनी अंबाजीकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अगं बाई, हे तेच ना? पहारेकरी?" त्या नीराबाईला हळूच म्हणाल्या. "बिचारे. जन्मापासून का गं?"

अंबाजीने तोंड उघडलं. मग काय म्हणावं ते न सुचून मिटलं.

"न्हाय बाय," नीराबाई सुरमईवर पाणी शिंपडत म्हणाली. "बोलपट आल्यापासून."

बाईंनी चुकचुक केली, घासाघीस न करता सुरमई घेतली आणि जाताना अंबाजीला नमस्कार केला. त्याने टोपली खाली ठेवून उलट नमस्कार केला. बाई नजरेआड झाल्यावर नीराबाई पदराने तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"काय झालं?" अंबाजी म्हणाला. "मी काय बोलाया पायजे व्हतं?"

"काय न्हाय," ती डोळे पुसत म्हणाली. "टोपली उचला. ऊन आयला."